‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ आणि गीताची भाषा

खानदेशात ‘बँड’ हा शब्द उच्चारला की वरातीपुढे वाजणारी पितळी वाद्ये डोळ्यांपुढे उभी राहतात. गायक, विद्युत्-गिटार व ड्रम ह्यांचा चौघापाचांचा मेळ हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ मराठीत उशिरा, आणि तोही मुंबईच्या मार्गाने, आला. १९७० नंतरच्या दशकात मुंबईत उदयास येऊन थोड्याच वर्षांत मावळलेला ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ हा अशाच मेळांपैकी एक होय. त्याचा इतिहास संगीताइतकाच भाषेच्या अंगानेही पाहण्याजोगा आहे.

ह्या संगीतास ‘सायकेडेलिक’ म्हणतात. हा शब्द १९५६ मध्ये हंफ्री ऑझ्मंड ह्या मानसचिकित्सकाने ऑल्डस हक्स्लीशी चाललेल्या पत्रव्यवहारात घडविला. ग्रीक भाषेतील ‘मन’ व ‘प्रकट’ ह्या अर्थांच्या दोन शब्दांचा तो संधी आहे. औषधशास्त्रातून तो दहा वर्षांच्या आतच संगीतात शिरला. तेथे त्याचा अर्थ मुद्दाम कर्कश केलेला गिटारचा नाद, प्रतिध्वनी आणि लांबत जाणारे उत्स्फूर्त वादन असा झाला. इंग्लंडमधील बीटल्सनी १९६५ मध्ये आपल्या गाण्यात सतार घेतली. मुंबईच्या तरुणांना मात्र ओढ लागली ती त्या कर्कश गिटारची!

ह्या हौसेस आश्रय मिळाला तो सिगारेटच्या जाहिरातीचा. ‘सिमला’ सिगारेटच्या नावाने भरलेल्या अखिल भारतीय स्पर्धेतील मेळांच्या ध्वनिमुद्रिका १९७० व १९७१ ह्या वर्षांच्या नावाने निघाल्या. ॲटॉमिक फॉरेस्टमध्ये कीथ कांगा, मधुकर धस, नील चट्टोपाध्याय, व्हॅलेंटाइन लोबो ही मंडळी होती. नावांकडे पाहिले तरी घरोघरच्या परंपरा भिन्न असाव्यात हे कळते. अशा मेळाने इंग्रजीत गावे ह्यास केवळ अनुकरण म्हणणे मला अपुरे वाटते. इंग्रजी ही त्यांची सामाईक भाषाही होती. गाण्यांची निवड मात्र बरीचशी उसनी होती, हे नाकारता येत नाही.

काही काळ ह्या मेळात गायिलेले नंदू भेंडे हे आत्माराम व आशा भेंडे ह्या नाट्यदांपत्याचे पुत्र. अलेक पदमसी ह्यांनी १९७४ मध्ये मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ सादर केले, तेव्हा धस जीझस व भेंडे जूडास झाले. पुढे १९७८ मध्ये भेंडे पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त आले. जब्बार पटेल दिग्दर्शित हे नाटक ब्रेख्तवर आधारलेले होते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न येथे उपस्थित होतो. इंग्रजीत शब्दातील एका अक्षरावर जोरकस आघात असतो व आघातहीन अक्षरे आक्रसून मधल्या जागेत मावतात. रॉकच्या चार ठोक्यांच्या आवर्तनात दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर वजन पडते. आघातयुक्त अक्षर हव्या त्या ठोक्यावर आणून बसविणे इंग्रजीस सोपे जाते. मराठीत शब्दाघात क्षीण. अक्षराचे मोल लघुगुरूने ठरते आणि प्रत्येक अक्षर आपला वाटा मागते. त्यामुळे त्याच ठेक्यावर मराठी बसविताना एक तर गुरू अक्षर ओढून ठोक्याशी न्यावे लागते, नाही तर शब्दयोजनाच बदलावी लागते. डीजेच्या ठेक्यावर अहिराणी गीते रचणाऱ्या आजच्या खानदेशी कवींना ही अडचण समजावून सांगण्याची गरज पडू नये.

‘ऑब्सेशन ७७’ ही ह्या मेळाची ध्वनिमुद्रिका १९८१ मध्ये, म्हणजे मेळ विखुरल्यावर, बाजारात आली. २०११ मध्ये ‘नाऊ-अगेन’ ह्या अमेरिकन संस्थेने तिचे पुनःप्रकाशन केल्यामुळे ती आता अभ्यासकास सुलभ झाली आहे. भेंडे २०१४ मध्ये निवर्तले. ह्या मुद्रिकेतील इंग्रजी गीतांची आघातरचना आणि ‘तीन पैशाचा तमाशा’तील पदांची अक्षररचना शेजारी ठेवून तपासणे, हा पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका प्रबंधिकेपुरता विषय आहे. त्यासाठी ताल मोजता यावा आणि लघुगुरू ओळखता यावेत, एवढीच पूर्वतयारी पुरे.