वाड्याचे कागद आणि वंशावळीबाहेरची माणसे

आपल्याकडे पूर्वजांचा शोध बहुधा वंशावळीपासून सुरू होतो. मूळपुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे अशी ती उतरत जाते आणि सात-आठ पिढ्या ओलांडल्या तरी एका बाईचे नाव लागत नाही. म्हणून शोध घरापासून धरावा, असे माझे सांगणे आहे. गावचा वाडा कुणी बांधला, कुणाकुणात वाटला गेला, त्यात कोण राहिले, हे विचारत गेले की वंशावळीने वगळलेली माणसेही भेटू लागतात.

वाड्यांनी कागद सांभाळले, हे महाराष्ट्राचे भाग्य. वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. तिथले मेणवली दप्तर पेशवाईच्या अभ्यासकांना परिचित आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे तर असे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मिळवण्यासाठी गावोगाव हिंडले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, तोही खासगी घरात सापडलेल्या पत्रांवर. आपल्या माळ्यावरचा रुमाल इतका मोलाचा नसेलही, पण आपल्या घराण्यापुरता तो मोलाचाच.

रुमाल सोडला की पहिली अडचण मोडी लिपीची. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा धरबंध नाही. दुसरी अडचण तारखेची. कागदावर ‘सबैन मया व अलफ’ असे दिसले तर घाबरू नये. सत्तर, शंभर आणि हजार मिळून हे सुहूर सन ११७० झाले. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६९ येते. हे वर्ष मृगाला सुरू होते, त्यामुळे त्याचे पुढचे महिने १७७० मध्ये पडतात. शक असेल तर ७८ मिळवावेत. एवढे जमले तरी निम्मे कागद ओळीने लावता येतात.

घरातले कागद संपले की सरकारी दप्तर. १८५२च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने इनामदारांकडून हक्काचे पुरावे मागितले. तेव्हा लिहून दिलेल्या कैफियतींत घराण्याची हकिकत आणि वंशावळही येते. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे कागद पाहायला मिळतात. त्याच शतकात इंग्रजी मोजणी झाली, आणि तिच्यामागून पुढे हक्कनोंदणी आली. जमिनीसाठी सातबारा आणि फेरफार पाहावेत. पण वाडा गावठाणात असतो, त्याला सातबारा नसतो. तिथे नगरभूमापन झाले असल्यास मिळकत पत्रिका, नसल्यास ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा मागावा.

बायका कुठे सापडतात? सर्वांत आधी वाटणीपत्रात. भावाभावांत ओसरी, माजघर, परसू वाटले जाते, विहीर आणि देवघर सामाईक राहते, आणि खाली एखादे कलम विधवा काकूसाठी असते: हयातभर अन्नवस्त्र आणि राहायला अमुक खोली. त्या एका कलमामुळे तिचे नाव उरते. दत्तकपत्रात दत्तक घेणारी बाई स्वतः बोलते. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारसनोंदीत लेकी दिसू लागतात. त्यांतल्या कितीतरी लगेच हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही करून बाहेरही पडतात. ज्या कागदाने त्यांचा हिस्सा गेला, त्यानेच त्यांचे नाव, वय आणि सासरचे गाव टिपून ठेवले. माहेरच्या इतिहासात त्यांना परत घ्यायला तेवढे पुरते.

वाड्याचे दप्तर एकट्या मालकांचेही नाही. खंडाच्या पावत्या, कुळांच्या याद्या, बलुत्याचे हिशेब यांत अशा घराण्यांच्या खुणा आहेत ज्यांना स्वतःचा वाडा कधीच नव्हता. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे मालक ठरले. त्या वेळच्या फेरफारात अनेकांच्या आजोबा-पणजोबांची नावे मिळतात. गाव नमुना चौदा म्हणजे कोतवाल बुकात जन्म-मृत्यू नोंदले जात. २०२३ साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा हीच जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही चाळाव्यात. यात्रेला आलेल्याने आपल्या हाताने लिहिलेली ओळ तिथे मिळू शकते.

हे धन वेगाने संपत आहे. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत वाडे गेले, त्यांत कागद गेले. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात माळवदाची घरे माणसांवर कोसळली. तिथे कागदांचा विचार कोण करणार? आता वाटणीच्या भांडणात नाहीतर विक्रीच्या घाईत वाडा पाडतात. सागवानी खांबांना गिऱ्हाईक मिळते, रुमाल रद्दीत जातो.

म्हणून या दिवाळीत गावी जाणाऱ्यांना विनंती आहे. माळा स्वतः पाहा, कागदांचे फोटो घ्या, वाळवी लागलेले आधी. मोडी येत नसेल तर भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी जाणकारांना विचारा. घरातल्या सर्वांत वडील बाईला तिचे माहेरचे नाव, आईचे नाव, आजीचे गाव विचारा आणि तिच्यासमोरच लिहून घ्या. वंशावळ छापायची झालीच तर सुना-लेकींसह छापा, आणि त्या घरात राबलेल्यांची नावे सापडतील तेवढी शेजारी द्या. घराण्याचा इतिहास तेव्हाच पुरा होईल.