मोटारीच्या दारावरील गंज

दिल्लीच्या दक्षिणेस मेहरौली येथे, कुतुबमिनाराच्या आवारात, एक लोहस्तंभ उभा आहे. त्याची उंची सुमारे ७ मीटर असून वजन ६ टनांहून अधिक आहे. गुप्तवंशीय सम्राट दुसरा चंद्रगुप्त याच्या काळी, म्हणजे सुमारे १६०० वर्षांपूर्वी, तो घडविला गेला असे बहुतेक विद्वान मानतात. इतके पावसाळे अंगावर घेऊनही त्याचा वरचा भाग शाबूत आहे. त्याच शहरात तोच पाऊस झेलणाऱ्या मोटारीच्या दाराची खालची कड मात्र काही वर्षांतच तपकिरी पडू लागते. रंगास फुगे येतात, आणि दुर्लक्ष झाल्यास पत्र्याला आरपार भोक पडते. दोन्ही वस्तू लोखंडाच्याच. मग हा भेद कशामुळे?

गंज म्हणजे लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांच्या संयोगाने बनलेला पदार्थ होय. कोरड्या हवेत लोखंड गंजत नाही, आणि ज्यातून हवा पूर्णपणे काढून टाकली आहे अशा शुद्ध पाण्यातही ते जवळजवळ जसेच्या तसे राहते. दोन्ही एकत्र आली म्हणजे मात्र लोखंडाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युत्-घट तयार होतात. केंब्रिज येथील शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे एका साध्या प्रयोगाने दाखविले. पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला असता थेंबाच्या कडेला हवेतील प्राणवायू विपुल मिळतो, मध्यभागी तो कमी पोचतो. लोखंड विरघळते ते मध्यभागी, म्हणजे जेथे प्राणवायू कमी आहे तेथे! सामान्य समजुतीच्या अगदी उलट असा हा निष्कर्ष आहे, आणि मोटारीच्या दाराचे दुखणे समजण्यास तोच उपयोगी पडतो.

दार हे एकसंध फळीसारखे नसते. बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्याची कड आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेली असते व दोहोंमध्ये पोकळी असते. काच खालीवर होण्यासाठी वर फट ठेवावीच लागते. तिला रबरी पट्टी असली तरी काचेवरून ओघळणारे थोडे पाणी पोकळीत उतरतेच. पाणी आत येणार हे कारखानदारास ठाऊक असते, म्हणून ते बाहेर पडावे यासाठी दाराच्या तळाशी लहान छिद्रे ठेवलेली असतात. दाराचे आयुष्य पुष्कळ अंशी या छिद्रांवर अवलंबून आहे.

दिल्लीत ही छिद्रे बुजण्यास वेळ लागत नाही. उन्हाळ्यातील वावटळी आणि राजस्थानाकडून येणारी धूळ फटीतून आत शिरते, वाळकी पाने व पट्टीचे झिजलेले तुकडे तिला मिळतात, आणि जुलैचा पहिला पाऊस त्या सर्वांचा चिखल करून टाकतो. हा चिखल दुमडलेल्या कडेत दिवसेंदिवस ओला राहतो. इव्हान्स यांच्या थेंबाच्या मध्यभागी जी स्थिती असते तीच येथे, अरुंद फटीत, निर्माण होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने तो रंगास आतून उचलून धरतो. बाहेर दिसणारा फुगा हा रोगाचा आरंभ नसून पुष्कळदा त्याचा शेवटचा टप्पा असतो.

एरवी दिल्लीची हवा लोखंडास मुंबईच्या खाऱ्या हवेइतकी घातक नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० ते ७० टक्क्यांच्या वर गेली म्हणजे गंजण्याचा वेग वाढतो. दिल्लीत वर्षातील बरेच महिने ती दिवसा याच्या खाली असते. पण पावसाळा आणि डिसेंबर-जानेवारीतील धुक्याच्या सकाळी यांना हा दिलासा लागू नाही. त्यातच धुरातील गंधकाची संयुगे दवात मिसळून त्यास आम्लधर्मी करतात.

आता पुन्हा लोहस्तंभाकडे वळावे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आर. बालसुब्रमण्यम् यांनी २००० सालाच्या सुमारास केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरस, म्हणजे स्फुरद, सुमारे पाव टक्का आहे. जुने लोहार लोखंड गाळताना चुनखडी वापरीत नसत, त्यामुळे तो धातूतच राहून गेला. त्याच्यापासून पृष्ठभागावर लोह-फॉस्फेटचा पातळ, चिकट थर बनतो व तो पुढील गंजास अडवितो. आधुनिक पोलादातून मात्र हा स्फुरद काढून टाकतात, कारण त्याने धातू ठिसूळ होतो आणि असा पत्रा दाराच्या आकारात वाकविणे कठीण जाते. तथापि स्तंभ मुळीच गंजत नाही, असे जे सांगितले जाते ते खरे नव्हे. १९६१ साली त्याचा बुंधा उकरून पाहिला, तेव्हा जमिनीखालील भाग गंजलेला होता. लोखंड तेच, पण तेथे ओल सुकत नव्हती.

कारखानदारही आज फॉस्फेटचाच आश्रय घेतात. रंगापूर्वी पत्रा फॉस्फेटच्या द्रावणात बुडवितात, नंतर विद्युत्-प्रवाहाच्या साहाय्याने अस्तराचा रंग सांध्यासांध्यांत पोचवितात. पुष्कळ मोटारींच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामाही असतो. ओरखडा पडला तर जस्त स्वतः झिजते आणि लोखंडास वाचविते. हंफ्रे डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यास वाचविण्यासाठी हीच युक्ती सुचविली होती.

मालकाच्या हाती राहते ते काम लहान आहे. पावसाळ्यापूर्वी व नंतर दार उघडून तळाची छिद्रे बारीक लाकडी काडीने मोकळी करावीत. तारेने रंग खरवडला जातो. मग फटीतून थोडे पाणी ओतून ते खालून सरळ वाहते की नाही हे पाहावे. पट्टी कडक झाली असल्यास बदलावी. ओल्या मोटारीवर जाड आच्छादन घालून ठेवणे हे तिला झाकणे नव्हे, वाफेत ठेवणे होय.

गंज धरलाच, तर त्यावर नुसता रंग फासून उपयोग नाही. पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत, आणि डागाच्या कडेपलीकडे दोन बोटे अधिक, रंग काढावा. खळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावावे. हातमोजे व चष्मा वापरणे आवश्यक आहे. त्या आम्लाने पृष्ठभागावर फॉस्फेट बनते, म्हणजे मेहरौलीच्या स्तंभावर शतकानुशतके जे घडले तेच येथे काही मिनिटांत घडते. द्रावण पुसून पृष्ठभाग पूर्ण सुकल्यावर अस्तर आणि मग रंग द्यावा. भोक पडले असेल तर सडका भाग कापून नवा पत्रा जोडणे हाच उपाय आहे. लांबी भरून केलेली डागडुजी एक-दोन पावसाळ्यांत उखडते, कारण लांबी ओल शोषते आणि खालचा गंज चालूच राहतो. जोडकाम संपल्यावर पोकळीत पातळ मेण किंवा गंजरोधक तेल फवारावे, पण छिद्रे सोडून. जोडकामापूर्वी मात्र हे करू नये, कारण दोन्ही पेट घेतात.

करोल बागेसारख्या जुन्या मोटारींच्या बाजारात जाणकार गिऱ्हाईक खिशात लहानसे लोहचुंबक बाळगते. फडक्यात गुंडाळून ते दाराच्या खालच्या कडेवरून फिरविले असता पत्र्यास घट्ट चिकटते. जेथे ते अकस्मात सैल पडते, तेथे रंगाखाली लांबीचा जाड थर असण्याचा संभव असतो.