अनोळखी पाणी, ओळखीचे कीटक

फरीदाबाद हे नाव कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला परके नाही. केंद्र शासनाचे वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवणूक संचालनालय या शहरात आहे आणि १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार औषधांना नोंदणी देणाऱ्या समितीचे काम येथूनच चालते. मार्च महिन्यात कामानिमित्त तेथे जाणे झाले. दोन दिवसांची सुट्टी जोडून आल्याने कुटुंबही बरोबर होते. मुलांची मागणी एकच होती: एखाद्या तलावावर गळ टाकून मासे धरायचे.

बडखल तलावाचे नाव सर्वांत आधी निघाले. अरवलीच्या टेकड्यांवरून वाहणारे पावसाचे पाणी अडवून १९४७ मध्ये हा तलाव तयार झाला. परिसरातील खाणकाम व भूजलाचा उपसा यांमुळे चालू शतकाच्या आरंभी तो कोरडा पडला. पुढे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याने तो पुन्हा भरण्याचे काम हाती घेण्यात आले. तेव्हा तो बेत सोडावा लागला. अरवलीतील बंद खाणींत साठलेले निळेशार पाणी मुलांना खुणावत होते, परंतु अशा ठिकाणी काठ उभा तुटलेला असतो आणि दुसऱ्या पावलालाच खोल पाणी लागते. तेथे बुडून मृत्यू झाल्याच्या घटना वारंवार घडतात. शिवाय उथळ काठ नाही म्हणजे पाणवनस्पती नाहीत, वनस्पती नाहीत म्हणजे कीटक नाहीत आणि कीटक नाहीत तेथे लहान मासेही फारसे नसतात.

अखेरीस एका गावचा जोहड, म्हणजे गावतळे, निश्चित झाले. हरियाणात अशी तळी पंचायती मत्स्यपालनासाठी ठेक्याने देतात. ठेकेदाराची परवानगी घेऊन सकाळी आठच्या सुमारास आम्ही काठावर पोहोचलो. तळे पूर्णपणे अनोळखी होते आणि हाताशी जेमतेम दोन तास होते.

कीटकांनी दाखवलेली जागा

गळ टाकण्यापूर्वी पंधरा मिनिटे काठाने फिरून केवळ निरीक्षण केले. रोहू, मृगल यांसारखे पाळलेले मोठे मासे खोल पाण्यात असतात. तव्यावर मावतील असे लहान मासे मात्र उथळ काठालगत खाद्य शोधत फिरतात. म्हणून शोध खाद्याचाच घ्यायचा होता.

पाणकणसाच्या देठांवर चतुर व टाचण्यांच्या रिकाम्या काती चिकटलेल्या दिसल्या. या कीटकांची पिल्ले पाण्यातच वाढतात. काती भरपूर असतील तर त्या ठिकाणी पाण्यातील जीवन समृद्ध असते. काठाचा मूठभर गाळ पांढऱ्या ताटलीत धुतला असता कायरोनोमिड माशीच्या तांबड्या अळ्या वळवळू लागल्या. त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्याने कमी प्राणवायूच्या चिखलातही त्या तग धरतात. लहान माशांचे ते आवडते खाद्य आहे.

आणखी दोन बाबी पाहिल्या. वारा पृष्ठभागावरील कीटक व प्लवक ज्या काठाकडे ढकलतो, तेथे मासे जमतात. थंडी सरताना उत्तरेकडच्या उथळ काठावर दक्षिणेकडे कललेल्या सूर्याचे ऊन अधिक पडते व पाणी लवकर उबदार होते. या सर्व खुणा ईशान्येच्या कोपऱ्यात एकत्र आल्या. लहान गळ, बुचाचा तुकडा आणि गांडुळाचा बारीक तुकडा एवढ्या साहित्यावर तासाभरात सहा मासे मिळाले, त्यांपैकी पाच तिलापिया. मुले हरखून गेली.

रिकामा कोपरा

मुलीने मग पश्चिमेचा कोपरा निवडला. पाणकणीस तेच, उतारही जवळजवळ तसाच. परंतु शेजारच्या भाजीपाल्याच्या शेतातील पाण्याचा चर तेथे उतरत होता. अर्ध्या तासात बूच एकदाही हलले नाही. तेथील गाळ ताटलीत धुतला तेव्हा एकही तांबडी अळी दिसली नाही, देठांवर कातीही नव्हत्या. त्या कोपऱ्यात वाऱ्याची व उन्हाची अनुकूलता नव्हती, हे खरे. एका सकाळच्या निरीक्षणावरून कारण ठरवणे शास्त्राला धरून होणार नाही. तरीही चरातून काय वाहत आले असेल, हा प्रश्न मनात राहिला.

हा प्रश्न काल्पनिक नाही. जपानमधील शिंजी सरोवराच्या परिसरातील भातशेतीत १९९३ पासून इमिडाक्लोप्रिडचा वापर सुरू झाला. त्यानंतर सरोवरातील सूक्ष्म प्राणी झपाट्याने घटले आणि वाकासागी या लहान माशाचे वार्षिक उत्पादन सुमारे २४० टनांवरून २२ टनांवर आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या घटीचा संबंध या गटातील कीटकनाशकांशी जोडण्यात आला. तेथे माशांना थेट विषबाधा होण्याची गरजच नव्हती. त्यांचे अन्न नाहीसे होणे पुरेसे होते.

त्रिकोण काय सांगत नाही

येथे आपल्या क्षेत्रातील एका सर्वसाधारण गैरसमजाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण सस्तन प्राण्यांवरील, म्हणजे पर्यायाने माणसावरील, तीव्र विषारीपणा दर्शवतो. तो माशांविषयी किंवा जलकीटकांविषयी काहीही सांगत नाही. क्लोरँट्रानिलिप्रोलवर हिरवा त्रिकोण असतो, तथापि पाण्यातील अपृष्ठवंशीय जीवांना ते अत्यंत विषारी आहे. सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे तर माशांनाही अत्यल्प मात्रेत घातक ठरतात. ‘हिरवा त्रिकोण आहे, शेततळ्याजवळ चालेल’ हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. जलचरांविषयीची सूचना डब्यावर व माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते. शेतकऱ्यासमोर ती वाचून दाखवणे हे विस्तार कार्यकर्त्याचे काम आहे.

शेततळे असणाऱ्यांनी तीन पथ्ये पाळावीत. तळे व फवारणीचे क्षेत्र यांत गवताचा रुंद पट्टा राखावा आणि वारा तळ्याकडे वाहत असताना फवारणी करू नये. पंप व रिकामे डबे तळ्यात किंवा चरात कधीही धुऊ नयेत. महिन्यातून एकदा चारही काठांचा मूठभर गाळ पांढऱ्या ताटलीत धुऊन पाहावा व तांबड्या अळ्यांची नोंद ठेवावी. एखाद्या काठावरून त्या अचानक नाहीशा झाल्या, तर मासे मरू लागण्याची वाट न पाहता त्या बाजूने पाण्यात काय उतरते याचा शोध घ्यावा.

ठेकेदाराच्या संमतीने सहाही मासे त्या संध्याकाळी तव्यावर तळले गेले. मुलीने मात्र जेवताना विचारले, ‘त्या कोपऱ्यातल्या अळ्या परत येतील का?’ चरातून येणारे थांबले तर येऊ शकतील, असे उत्तर दिले. ते थांबवणे शेताच्या बांधावरच शक्य आहे.