कॅमेरा बंद म्हणजे लक्ष नाही?

‘आजची पोरं चोवीस तास मोबाईलवर असतात, त्यांना ऑनलाईन वर्ग जड कशाला जाईल?’ 2020 च्या टाळेबंदीपासून गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत हा सवाल पालक करतात, कधी प्राध्यापकही. मोबाईल चालवता येणं वेगळं आणि वर्ग पटणं वेगळं. अमेरिकेतले संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्येच दाखवलं होतं, की नवं तंत्रज्ञान माणूस स्वीकारतो ते मुख्यतः कामाला येतं म्हणून. वापरायला सोपं आहे हे कारण त्याच्या मागून येतं. मीटिंगची लिंक मुलं डोळे झाकून उघडतील. पण तासभर स्लाईडच वाचून दाखवल्या, तर त्या वर्गाशिवायही वाचता येतात.

सगळ्यात चिवट गैरसमज कॅमेऱ्याचा. ‘कॅमेरा बंद, म्हणजे पोरगं झोपलंय.’ झोपलेलं असेलही! पण आधी हिशेब बघा. बऱ्यापैकी व्हिडिओला सेकंदाला साधारण 600 किलोबिट लागतात, म्हणजे तासाला सुमारे 270 एमबी. दिवसाचे पाच तास धरले तर 1.35 जीबी. रोज दीड जीबीचं रिचार्ज मारणाऱ्या मुलाकडे उरतं काय? नुसता आवाज ऐकला, तर 80 किलोबिटच्या दराने तेच पाच तास 180 एमबीत बसतात. त्यातून घरात एकच खोली, मागे कुकरची शिट्टी, टाळेबंदीत तर शेजारी धाकट्याची शाळाही मोबाईलवरच. कॅमेरा बंद ठेवण्यात बेफिकिरी कमी, काटकसर आणि संकोचच जास्त.

‘गोवा तो केवढासा, रेंज सगळीकडे असणारच.’ क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर खरं, पण लहरी नकाशा बघून चालत नाहीत. मध्ये डोंगर आला की पलीकडच्या वाड्यावर रेंज जाते. टाळेबंदीत सांग्यातली मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती, त्याच्या बातम्या झाल्या. पेडण्याच्या किनाऱ्यावर रेंज मिळते म्हणून आतल्या वाड्यांवरही मिळेल, असं नाही. आणि पावसाळ्यात झाड तारांवर पडलं की वीजही जाते.

म्हणून मुलांना लाईव्ह ऑनलाईन वर्ग नकोच, असंही नाही. विर्नोडा, साखळी, डिचोलीत कॉलेजं आली, तरी बऱ्याच पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ताळगावच्या पठारावरचं गोवा विद्यापीठच गाठावं लागतं. बसचा तो फेरा एखाद-दुसऱ्या दिवशी वाचला, तर कोणाला नको आहे?

रेकॉर्ड केलेला धडा मात्र लाईव्हची जागा घेत नाही. राज्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाच्या ‘दिश्टावो’ उपक्रमातली व्याख्यानं रेंज मिळेल तेव्हा, हवं तितक्यांदा बघता येतात. पण शंका विचारायला समोर माणूस लागतो, ती सोय लाईव्हमध्येच. वर्ग हुकलेल्याला रेकॉर्डिंग आणि हजर असलेल्याला प्रश्नोत्तरं, दोन्ही द्यायला हवं.

तेव्हा प्राध्यापकांनो, पुढचा ऑनलाईन तास लावण्याआधी कोणत्या वाड्यावर किती वाजता रेंज असते ते मुलांना विचारा, स्लाईड आदल्या दिवशी पाठवा आणि हजेरी कॅमेऱ्यावरून धरू नका.