पंधरा रकाने

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डब्लिन नावाचं गाव आहे. हजारो ग्रंथालयांची सामायिक तालिका सांभाळणाऱ्या ओसीएलसी या संस्थेचं मुख्यालय तिथं आहे. मार्च १९९५मध्ये तिथं ५२ जण जमले. त्यांत ग्रंथपाल होते, अभिलेखागारांत काम करणारे होते, मानव्यविद्यांचे अभ्यासक आणि संगणकतज्ज्ञही होते. वेबवर रोज भर पडत होती. त्यातलं काय कुणी लिहिलं, केव्हा, कशाविषयी, याची नोंद कशी ठेवायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

ग्रंथपालांपाशी एक उत्तर तयार होतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्रम यांनी १९६०च्या दशकात ‘मार्क’ हा यंत्राला वाचता येणारा नोंदींचा नमुना घडवला होता. तो अतिशय काटेकोर, पण तो भरायला शिकलेला तालिकाकार हवा. वेबवर मजकूर ठेवणारा माणूस तालिकाकार नसतो. म्हणून डब्लिनमध्ये विचार उलट्या बाजूनं झाला: कुणालाही भरता येतील असे कमीत कमी रकाने कोणते? तेरा निघाले. पुढच्या वर्षी चित्रांच्या नोंदींवर चर्चा झाली, तेव्हा वर्णन आणि हक्क या दोहोंची भर पडून ते पंधरा झाले. शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहभागी, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखचिन्ह, स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती, हक्क. यातला एकही सक्तीचा नाही, आणि कुठलाही कितीही वेळा भरता येतो. हेच ‘डब्लिन कोअर’. २००३मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं.

इतक्या थोडक्यात भागतं का? १९९७मध्ये कॅनबेऱ्याच्या बैठकीत यावरूनच दोन तट पडले. एक तट म्हणे, रकाने साधेच राहू द्या, नाहीतर कुणी भरणार नाही. दुसरा म्हणे, नुसता ‘दिनांक’ लिहून काय कळणार? कशाचा दिनांक?

हा वाद आपल्या घरचाच आहे, हे एक उदाहरण घेतलं की कळतं. वि. का. राजवाडे यांनी १९०९मध्ये प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची प्रत घ्या. कर्ता ज्ञानेश्वर, यात अडचण नाही. राजवाडे कोण? ‘सहभागी’. पण पोथी शोधून, पाठ ठरवून, ग्रंथ छापणाऱ्या संपादकाचं श्रेय या एका शब्दात कुठंच दिसत नाही. दिनांक कोणता द्यायचा? ग्रंथातच शके १२१२ दिलेलं आहे, म्हणजे इ.स. १२९०. समोरचं पुस्तक मात्र १९०९चं. दोन्ही एकाच रकान्यात घातले, तर यंत्राला दोन आकडे दिसतील आणि त्यांतला सहाशे वर्षांचा फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. ग्रंथ गीतेवरची टीका आहे, हे ‘संबंध’मध्ये लिहिता येतं; कसला संबंध, ते नाही. आणि नाव? ज्ञानेश्वर की ज्ञानदेव? रोमन लिपीत तर ते कुठं ‘डी’खाली सापडतं, कुठं ‘जे’खाली, कुठं ‘जी’खाली.

पुढं तोडगा निघाला. साधा रकाना तसाच ठेवून त्याच्या पोटात बारकावा द्यायचा: रचनेचा दिनांक वेगळा, प्रकाशनाचा वेगळा. ज्याला बारकावा समजत नाही त्या यंत्रानं तो सोडून द्यावा, नुसता ‘दिनांक’ वाचावा. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. जाणकाराचे कष्ट त्यात वाया जात नाहीत आणि नवशिक्याचीही वाट अडत नाही.

नोंदी झाल्या तरी त्या ज्याच्या त्याच्या संगणकातच पडून राहिल्या तर उपयोग काय? ऑक्टोबर १९९९मध्ये सँटा फे इथं पॉल गिन्स्पार्ग, हर्बर्ट व्हान द सोम्पेल आदींच्या पुढाकारानं बैठक झाली. गिन्स्पार्ग यांनी १९९१मध्ये भौतिकीतल्या शोधनिबंधांचा खुला संग्रह सुरू केला होता. तसे आणखी संग्रह निघत होते आणि प्रत्येकात वेगळं शोधावं लागत होतं. त्या बैठकीतून ‘ओएआय-पीएमएच’ हा एका संग्रहाकडून नोंदी मागण्याचा संकेत आला. त्यात विचारायचे प्रश्न फक्त सहा: तू कोण, नोंदी कोणत्या नमुन्यांत देतोस, तुझे विभाग कोणते, ओळखचिन्हांची यादी दे, नोंदी दे, ही एक नोंद दे. ‘अमुक तारखेनंतर बदललेल्या’ एवढ्याच नोंदीही मागता येतात. नमुन्यांबाबत सक्ती एकच: इतर नमुने हवे तेवढे द्या, पण साधं डब्लिन कोअर द्यायलाच हवं.

भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध साठवणारं गांधीनगरचं ‘शोधगंगा’ ज्या डीस्पेस प्रणालीवर चालतं, तिच्या नोंदी डब्लिन कोअरच्याच घडणीच्या आहेत आणि हे सहा प्रश्न तिला कळतात. मराठीतले प्रबंधही तिथं आहेत. म्हणजे यंत्रणेची सोय झालेली आहे. उणीव भरणाऱ्या हाताची आहे. असे हात आपल्याकडे होते: शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, ती संगणकाशिवाय. आज आपल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तकं स्कॅन होतात, पण संपादक, अनुवादक, शके, मुद्रणालय हे नोंदीत उतरलं नाही, तर फाइल असूनही पुस्तक हरवतं. स्कॅनरसाठी निधी उभा राहतो; तितकाच तालिकाकाराच्या पगारासाठीही उभा राहायला हवा. शके आणि इसवी सन दोन्ही लिहावेत, ‘संपादक’ ही भूमिका वेगळी नोंदावी, नाव देवनागरीत आणि रोमनमध्येही द्यावं. रकाना कितीही वेळा भरायची मुभा १९९५पासूनच आहे.