मंदी, सावकार आणि ठाण्याचा भातशेतकरी

१९२९ साली सुरू झालेल्या जागतिक मंदीने भाताचे भाव कोसळले, तेव्हा ठाणे-कल्याणकडील खातेदाराची विपत्ती अशी की, उत्पन्न घटले तरी सरकारी सारा आणि सावकाराचे व्याज मात्र जैसे थेच राहिले. १९३७ साली मुंबई प्रांतात अधिकारारूढ झालेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने प्रथम अल्पभूधारकांच्या जमिनींचे लिलाव तात्पुरते रोखले व पुढे १९३९ च्या कर्जनिवारण कायद्याने, कर्जाची छाननी करून ते शेतकऱ्याच्या ऐपतीप्रमाणे हप्त्यांनी फेडण्याची तजवीज केली. धोरण निःसंशय स्तुत्य होते. परंतु तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत, बहुतेकांच्या नावे जमीनच न उरलेल्या वारली आदिवासींची वेठ अशा सवलतींनी सुटली नाही, आणि १९४५ साली किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली त्यांना स्वतःच उठावे लागले.