टाकीच्या पट्टीवरचं अक्षर



आमच्या शाहूपुरीत कुंभार गल्ली आहे. माठ घेताना आपण तो बोटानं वाजवून बघतो, खणखणीत वाजला तरच पैसे देतो. गॅसची टाकी मात्र सील दिसलं की घरात घेतो. तिच्यावर काय लिहिलंय ते बघायचं राहूनच जातं.

टाकीच्या वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात. त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले दिसतील. समजा, बी-२७. इथं वर्षाचे चार भाग केलेत. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. म्हणजे या टाकीची पुढची तपासणी जून २०२७ पर्यंत व्हायला हवी. इंग्रजी येत नसलं तरी अडत नाही. ए घराच्या छपरासारखा, बीला दोन पोटं, सी म्हणजे चंद्रकोर आणि डीला एकच मोठं पोट.

ही गॅस खराब होण्याची तारीख आहे, असं मोबाईलवर फिरत असतं. तसं नाही. गॅस काही शिळा होत नाही. टाकी दाब सोसते का, हे तपासायची ती मुदत. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका. आमच्या गटातल्या एका ताईंनी तशी टाकी दारातूनच परत केली. आणणारा कुरकुरला, पण दुसरी घेऊन आला.

पट्टीवर आणखी एक आकडा असतो, रिकाम्या टाकीचं वजन. ते प्रत्येक टाकीचं वेगळं. त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवायचे. रिकामी १५.८ असेल तर भरलेली ३० किलो भरली पाहिजे. दारात काटा लावून मागायचा आपल्याला हक्क आहे. पावशेर मिरचीसाठी आपण बाजारात भांडतोच की!

टाकीच्या बुडाच्या कड्याला भोकं असतात, तीही उगीच नाहीत. त्यातून वारा खेळतो, पाणी साचत नाही, बूड गंजत नाही. म्हणून टाकीखाली ओलं पोतं ठेवू नका.

आणि तो वास! गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साठतो. वास आला तर दिव्याचं बटण चालू करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, पोरांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच १९०६ ला फोन लावा.